मोहाला पान नसतं तेव्हा

"माझं शेत दाखव," ती बाई म्हणाली आणि पुढे केलेल्या खुर्चीवर न बसता माझ्या टेबलापाशी उभीच राहिली.

नाशिकच्या आमच्या ऑफिसात अशी माणसं येत नसत. सरकारी गाड्यांतून साहेब यायचे, कधी कॉलेजची मुलं यायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या थंडगार खोलीत आम्ही सहाजण दिवसभर पडद्यासमोर बसून उपग्रहानं काढलेली जमिनीची चित्रं वाचायचो. बाई साठीच्या घरातली असेल. हातात चांदीची जाड कडी, गुडघ्याच्या खाली संपणारं लुगडं. चपला तिनं दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या आणि फरशीच्या गारव्यानं सारखे पाय बदलत होती.

तिच्याबरोबर तिशीतला एक माणूस होता. "मी रायसिंग पावरा, मॅडम. खडकीआंब्याच्या शाळेवर शिक्षक आहे. ही माझी काकू, मोगरीबाई. आम्ही काल दुपारी निघालो सातपुड्यातून. हिचा दावा फेटाळलाय. कागदावर तुमच्या कंपनीचं नाव आहे."

त्यानं कागद पुढे केला. खाली सही माझी होती. केतकी निमकर.

ही २०१० सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्यांना त्या जमिनीचा पट्टा देण्याचं काम तेव्हा चालू होतं. अट एकच होती, की २००५च्या डिसेंबरच्या आधीपासून माणूस ती जमीन कसत असला पाहिजे. ते ठरवायला तालुक्याच्या समितीनं चार हजार दावे आमच्या कंपनीकडे पाठवले होते. २००५च्या ऑक्टोबरातलं चित्र उघडायचं, दाव्यातली जागा शोधायची आणि पुढे लिहायचं, 'शेत' किंवा 'वन'. मोगरीबाईच्या दाव्यापुढे मी 'वन' लिहिलं होतं.

मी तिची जागा पडद्यावर आणली. डोंगराच्या पोटात गडद हिरवा ठिपका, आणि त्याला लागून भाकरीच्या रंगाचा एक स्वच्छ चौकोन.

"हे बघा," मी बोट ठेवून म्हटलं. "तुमची जागा ही. इथं जंगल आहे."

रायसिंगनं तिला त्यांच्या पावरी बोलीत सांगितलं. तिनं पडद्याजवळ तोंड नेलं.

"आणि हे?" तिनं भाकरीच्या रंगाच्या चौकोनाकडे बोट केलं.

"ते शेत आहे. ते मंजूर झालंय."

"ते सेल्याचं," ती एकदम मराठीत म्हणाली. तिचं मराठी बाजारात शिकलेलं, पण स्वच्छ होतं. "सेल्यानं सगळी झाडं तोडली. कारखान्याची विटांची भट्टी होती ना खाली, तिला दिली. मी नाही तोडली. माझी झाडं आहेत. अकरा मोह, दोन चारोळीची, एक बेहडा. त्यांच्या खाली मी जवारी पेरते, मका पेरते. सासूच्या आधीपासून."

"झाडांखालचं वरून दिसत नाही," मी म्हटलं.

"मग खाली येऊन बघ."

रायसिंगला हसू आलं, मला नाही. अशा बोलण्याची मला सवय नव्हती. शिवाय तेव्हा मी स्वतःला जंगलाच्या बाजूची समजत होते. ते कसं, हे सांगायला हवं.

कंपनी खांबेटे सरांची. नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी अंधाऱ्या खोलीत बसवायचे आणि भिंतीवर अख्खी गोल पृथ्वी लावायचे. काळ्या पोकळीत ती निळी-पांढरी पृथ्वी दोन मिनिटं नुसती बघायला लावायचे. मग म्हणायचे, "इतक्या वरून बघितलं की माणसाला कुणाचा राग येत नाही. फक्त काळजी वाटते." त्यानंतर हळूहळू खाली उतरायचे. हिंदुस्थान, मग नर्मदा आणि तापीच्या मधला सातपुडा, आधी १९७३चा आणि मग त्या वर्षीचा. तीस-पस्तीस वर्षांत हिरव्या रंगाला लागलेली वाळवी डोळ्यांसमोर दिसायची. त्या दिवशी घरी जाताना मी बस सोडून चालत गेले. पुढे सायकल घेतली, आंघोळीला अर्धी बादली पाणी वापरू लागले, आईनं आणलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या परत करून यायचे. सरांना काळजी वाटायची. मला मात्र रागच यायचा, आणि तो त्या भाकरीच्या रंगाच्या चौकोनांचा यायचा.

मोगरीबाईला ती पृथ्वी दाखवावी असं मला का वाटलं कोण जाणे. कदाचित तिनं समजून घ्यावं म्हणून. मी चित्र मागे मागे घेत गेले. तिचा पाडा गेला, डोंगर गेला, नर्मदा दोऱ्याएवढी झाली, आणि शेवटी पडद्यावर गोळा उरला.

"हे निळं काय?"

"पाणी. समुद्र."

"एवढं सगळं पाणी?" तिनं रायसिंगकडे बघितलं. "मग आमच्या पाड्यावर का नाही?"

खोलीतले दोघं-तिघं हसले. मी परत खाली आले, तिच्या ठिपक्यावर.

"हा फोटो कोणत्या महिन्यातला?" तिनं विचारलं.

"ऑक्टोबर."

"दिवाळीला." ती विचार करत राहिली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, लहान मुलीला सांगावं तसं म्हणाली, "तेव्हा मोह भरलेला असतो, पोरी. होळीचा फोटो बघ. होळीला मोहाला पान नसतं. तेव्हा माझी माती दिसेल."

सहा वर्षं मी पानं वाचत होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं.

"बघते," मी म्हटलं. "त्या वर्षीच्या मार्चचं चित्र मागवावं लागेल. वेळ जाईल."

"आणि नाही मिळालं तर?" रायसिंगनं विचारलं.

"तर कठीण आहे. ही झाडं नसती तर दिसलं असतं हो. सेल्याचं दिसतंय ना, तसं. झाडांमुळेच अडलंय."

हे मी सहज बोलून गेले. मोगरीबाईनं रायसिंगला काहीतरी विचारलं, त्यानं तिला ते पावरीत सांगितलं. तिनं मान हलवली. जाताना तिनं लुगड्याच्या ओच्यातून मूठभर वाळलेली मोहाची फुलं काढून माझ्या टेबलावर ठेवली.

मी खांबेटे सरांकडे गेले. सर म्हणाले, "केतकी, मार्चचं चित्र आपल्या करारात नाही. ऑक्टोबरचं वापरायचं हे समितीनंच ठरवलंय. एक दावा उघडलास तर चार हजार उघडावे लागतील."

"पण चूक असेल तर?"

"चूक नाही. ऑक्टोबरात तिथं जंगल दिसतं. आपण दिसतं ते लिहिलं."

डिसेंबरात मी ते चित्र दुसऱ्याच एका कामाच्या नावावर मागवलं. अकरा जानेवारीला ते आलं. जेवायच्या सुट्टीत सगळे खाली गेल्यावर मी ते उघडलं.

मोगरीबाईचं म्हणणं अक्षर न् अक्षर खरं होतं. होळीच्या सुमाराचं ते चित्र होतं. मोह निष्पर्ण उभे होते, वरून काड्यांच्या जाळीसारखे दिसत होते, आणि त्या जाळीतून नांगरलेली जमीन दिसत होती. बांध दिसत होते, सहा बांध, उतारावर एकाखाली एक. त्यात ओळीनं उभी अकरा झाडं मी मोजली. मग आणखी तीन.

रायसिंगचा नंबर माझ्याकडे होता. खडकीआंब्याला रेंज नसायची, पण दर सोमवारी तो बाजाराच्या गावी यायचा तेव्हा फोन लागायचा. मी फोन केला नाही. मला वाटलं, सरांनी मान्य केलं, समितीला पत्र गेलं, की मग पक्कंच सांगावं. अर्धवट आशा लावू नये. खरं सांगायचं तर मला पत्र हातात घेऊन जायचं होतं. तिच्या दारात उभं राहून ते वाचून दाखवायचं होतं.

सर तीन आठवडे अडून बसले. चौथ्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी मला बोलावलं, पत्रावर सही केली आणि म्हणाले, "हा एकच. पुढचं मला दाखवू नकोस." मी त्याच संध्याकाळी गाडीचं तिकीट काढलं.

बाजाराच्या गावाहून जीप, आणि जीप थांबते तिथून दीड तासाची चढण. रायसिंग मला शाळेत भेटला. मला बघून तो चकित झाला आणि लगेच त्याचा चेहरा कसनुसा झाला. मी म्हटलं, "चांगली बातमी आहे." तो "चला" एवढंच म्हणाला.

मोगरीबाई झोपडीपुढे मका सोलत बसली होती. मला बघताच उठली, हात झाडत आली आणि माझा हात धरून म्हणाली, "आलीस! खाली येऊन बघ म्हटलं होतं ना? पण आता खाली नको. वर चल."

"वर कुठे?"

"वरूनच बघायचं ना तुला?"

घरामागच्या टेकाडावर ती माझ्यापुढे भराभर चढली. रायसिंग मागे राहिला. माथ्यावर पोचल्यावर तिनं मला खांद्यांना धरून वळवलं.

खाली तिचं शेत होतं. भाकरीच्या रंगाचं, स्वच्छ. त्यावर चौदा खुंट होते, ओले, तांबूस. बांधांच्या कडेला लाकूड रचून ठेवलं होतं, एकसारखं कापून, कुणी बघायला येणार असावं तसं नीट. एक ढलपीसुद्धा इकडेतिकडे पडली नव्हती.

"सुनेनं आणि मी तोडली. दोघींनी. पाच दिवस," ती म्हणाली. "बेहडा लई कठीण गेला. आता दिसतंय?"

मी खुंट मोजू लागले.

"दिसतंय ना? सेल्यासारखं?"

तिच्या चेहऱ्यावर परीक्षेचा पेपर चांगला लिहून आलेल्या मुलीचा आनंद होता. मला आजही आठवतो तो तिचा आनंदच.

रायसिंग वर आला. त्यानं माझ्या हातातली गुंडाळी मागितली. ते मार्चचं चित्र होतं. मी त्याला द्यायला नको होतं, पण दिलं. त्यानं ते गुडघ्यावर उलगडलं आणि बराच वेळ बघितलं. अकरा झाडं, सहा बांध. मग त्याचं बोट खालच्या कोपऱ्यात गेलं. चित्र आमच्याकडे आल्याची तारीख तिथं छापलेली होती.

"अकरा जानेवारी," तो म्हणाला.

"हो."

"काकूनं पहिला घाव अठराला घातला. सोमवारी सतराला मी बाजारात होतो, मॅडम. दिवसभर फोन चालू होता."

"मला वाटलं, पक्कं झाल्यावर सांगावं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं कागद परत गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "मी तिला थांबवत होतो. ती म्हणाली, त्या पोरीनं सांगितलंय, झाडांमुळे अडलंय. ती शिकलेली आहे, ती वरून बघते."

"काय म्हणतो?" मोगरीबाईनं विचारलं.

रायसिंगनं तिला सांगितलं. पावरीत सांगितलं, पण तेवढं मला कळत होतं. मोगरीबाई खाली बसली. तिनं चित्र मागितलं नाही, बघितलंही नाही. खाली खुंटांकडे बघत ती हलक्या आवाजात काहीतरी बोलत राहिली. मी रायसिंगला विचारलं, ती काय म्हणतेय. तो म्हणाला, "झाडांची नावं घेतेय. प्रत्येक मोहाला नाव असतं आमच्यात."

आठ दिवसांनी वनरक्षक आला आणि तिच्यावर झाडं तोडल्याची केस झाली. फेटाळलेला दावा आणि वर वृक्षतोड. रायसिंगनं मला कळवलं, तेही एका ओळीत. मी रजा टाकून वनखात्याच्या ऑफिसात गेले आणि म्हटलं, मला जबाब द्यायचा आहे.

तिथला अधिकारी भला माणूस होता. त्यानं चहा मागवला. "तुम्ही काय जबाब देणार? तुम्ही तर जंगल वाचवायचं काम करता."

मी लिहायला बसले. झाडांमुळे अडलंय असं तिला मी सांगितलं, हे लिहिलं. मार्चचं चित्र मिळूनही तीन आठवडे कळवलं नाही, हेही. मग पेन थांबलं. अजून एक गोष्ट होती. ती मी सरांनाही सांगितली नव्हती, रायसिंगलाही नाही. स्वतःशीसुद्धा ती मी नीट बोलले नव्हते.

ऑक्टोबरच्या त्या पहिल्या चित्रातही एक रेघ दिसत होती. गडद हिरव्यामध्ये केसाएवढी, फिकट, वाकडी. झाडांत अशी रेघ आपोआप उमटत नाही. तो बांध होता, आणि मला तो दिसला होता. मी चित्र मोठं करून पाहिलंही होतं. पण तेव्हा माझा एक नियम होता, शंका असेल तिथं जंगलाच्या बाजूनं लिहायचं. मला वाटायचं, या सगळ्या दाव्यांत जंगलाचं म्हणणं मांडणारं कुणी नाही, तर मी आहे. त्या रेघेवरून मी पुढे गेले आणि 'वन' लिहिलं. त्या दिवशी मला बरंही वाटलं होतं. साडेतीन एकर वाचवले असं वाटलं होतं. असे किती दावे असतील, ते मला सांगता येणार नाही.

मी ते सगळं लिहिलं. अधिकाऱ्यानं वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"मॅडम, शेवटचा परिच्छेद काढा. बाईच्या केसला त्याची गरज नाही. तुमची नोकरी जाईल."

"राहू दे."

"विचार करा."

"केलाय," मी म्हटलं आणि सही केली.

खांबेटे सरांनी मला काढलं नाही. जबाबाची प्रत त्यांच्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी मला समोर बसवून विचारलं, "रेघ खरंच दिसली होती?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "तुझ्यासारखी नजर मला परत मिळायची नाही." त्यात राग नव्हता, काळजीच होती. राजीनामा मीच दिला.

दाव्याचा निकाल यायला तीन वर्षं लागली. मार्चच्या चित्रावरून मोगरीबाईला पट्टा मिळाला, साडेतीनपैकी दोन एकरांचा. वृक्षतोडीची केस त्याच्या पुढे वर्षभर चालून मग मिटली. रायसिंगनं पाड्यावरच्या आणखी साठेक दाव्यांसाठी अपील केलं, त्यातले निम्मे उघडले गेले. चार हजारांतल्या बाकीच्यांचं काही झालं नाही. तोवर मी दुसरं काम धरलं होतं. हातात यंत्र घेऊन गावकऱ्यांबरोबर शेताच्या कडेकडेनं चालायचं आणि जागेवर उभं राहून नकाशा काढायचा. अजूनही तेच करते.

पट्टा मिळाल्यानंतर दोन वर्षांनी, होळीच्या आदल्या दिवशी, मी खडकीआंब्याला गेले. मोगरीबाई थकली होती, पण शेतातच होती. खुंटांना फुटवे आले होते. मोह चिवट असतो, तोडला तरी बुंध्यातून उठतो. एकेका खुंटावर अंगठ्याएवढे जाड सात-आठ धुमारे, वर्षभरात कमरेपर्यंत वाढलेले. मोगरीबाई विळा घेऊन ते कापत होती.

मी धावत गेले. "मोगरीबाई, हे काय करता? आता कशाला? पट्टा मिळालाय ना? वाढू द्या आता, कुणी काही म्हणणार नाही."

तिनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली.

"तू नाही म्हणणार," ती म्हणाली. "पण तू तर नोकरी सोडली. तिथं आता कोण बसतं?"

"माहीत नाही."

"तिला माहीत आहे का, मोहाला पान कधी नसतं?"

ती वाकून दुसऱ्या खुंटाकडे वळली आणि तिथले धुमारे कापू लागली.